खालच्या लीगमधला संघ सांभाळताना: फुटबॉल मॅनेजर खेळणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सावंतवाडी, कुडाळ, मालवण, रत्नागिरी आणि चिपळूण येथील ‘फुटबॉल मॅनेजर’ हा क्लबचा व्यवस्थापक होऊन संघ चालवण्याचा संगणकीय खेळ खेळणाऱ्या मित्रमंडळींकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. बहुतेक प्रश्नांच्या मुळाशी एकच तक्रार असते: मोठ्या क्लबबरोबर करंडक मिळतात, पण सहाव्या पातळीवरचा संघ हाती घेतला की नाताळापर्यंत नोकरी जाते. माझे मत असे की या पातळीवरचे सामने टॅक्टिकच्या (डावपेचांच्या) फळ्यापेक्षा कराराच्या कागदावर जास्त हरले जातात. पुढील उत्तरांत करारांना मोठी जागा मिळाली आहे, ती याच कारणाने.

१. खालची लीग म्हणजे नेमकी कोणती, आणि खेळात किती खालपर्यंत जाता येते?

इंग्लंडपुरते बोलायचे तर खेळाबरोबर मिळणारी सर्वांत खालची पातळी सहावी आहे, म्हणजे नॅशनल लीग नॉर्थ आणि नॅशनल लीग साउथ. त्यांच्या वर पाचवी नॅशनल लीग, मग लीग टू, लीग वन, चॅम्पियनशिप आणि शेवटी प्रीमियर लीग. तळापासून शिखरापर्यंत पाच बढत्या लागतात. पाचव्या आणि सहाव्या पातळीवर पहिला क्रमांकच थेट वर जातो. बढतीची दुसरी जागा दुसऱ्या ते सातव्या क्रमांकाच्या संघांत होणाऱ्या प्ले-ऑफमधून (हंगामानंतरच्या बाद सामन्यांतून) ठरते. लीग टूमधून मात्र पहिले तीन थेट जातात आणि चौथा प्ले-ऑफमधून, त्यामुळे पाचवीतून बाहेर पडणे हे लीग टूमधून बाहेर पडण्यापेक्षा अवघड ठरते. सहावीच्याही खाली जायचे असेल, तर खेळाच्या संपादकात (एडिटर या प्रोग्रॅममध्ये) इतरांनी तयार केलेल्या फायली घालाव्या लागतात.

ही चढण केवळ खेळातली नाही. ल्यूटन टाउन २०१४ मध्ये पाचव्या पातळीवरून वर आला आणि २०२३ मध्ये प्रीमियर लीगमध्ये पोहोचला. रेक्सहॅमने २०२३, २०२४ आणि २०२५ अशा सलग तीन वर्षांत तीन बढत्या मिळवल्या. अर्थात त्यांच्या मागे पैसा होता, जो तुमच्या मागे नसेल.

२. कोणती आवृत्ती घ्यावी?

२०२५ ची आवृत्ती निर्मात्यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये रद्द केली, त्यामुळे निवड २०२४ आणि २०२६ यांतच आहे. २०२६ च्या आवृत्तीत चेंडू आपल्याकडे असतानाची आणि नसतानाची रचना वेगवेगळी आखता येते आणि जुन्या ‘बचाव, साहाय्य, आक्रमण’ या जबाबदाऱ्या राहिलेल्या नाहीत. लॅपटॉप जुना असेल तर २०२४ ची आवृत्ती पुरेशी आहे. खाली दिलेले बहुतेक सल्ले दोन्हींना लागू पडतात.

३. सुरुवातीला कोणता क्लब निवडावा?

खेळातल्या प्रसारमाध्यमांच्या अंदाजात मधल्या क्रमांकावर असलेला, कर्ज नसलेला आणि ज्याच्या बोर्डाची (संचालक मंडळाची) अपेक्षा माफक आहे असा. पहिल्या क्रमांकाचा अंदाज असलेल्या क्लबकडे पैसा असतो, पण संयम नसतो. प्रशिक्षकाची पार्श्वभूमी निवडताना अनेक जण हौस म्हणून ‘रविवारच्या लीगमधला हौशी खेळाडू’ हा पर्याय घेतात. त्याने प्रतिष्ठा इतकी खाली जाते की ड्रेसिंग रूममधील ज्येष्ठ मंडळी तुमचे बोलणे मनावर घेत नाहीत. तो पर्याय घ्यायचाच असेल, तर बोर्डाकडे प्रशिक्षणाच्या पुढील प्रमाणपत्रासाठी पहिल्याच हंगामात पैसे मागा.

४. इंग्लंडच का? आमच्या शेजारच्या गोव्यातला क्लब घेतला तर?

जरूर घ्या. सिंधुदुर्गातल्या माणसाला गोव्याचे फुटबॉल परके नाही. आय-लीग ही राष्ट्रीय लीग २००७-०८ मध्ये सुरू झाल्यावर पहिली पाच विजेतेपदे गोव्यातच गेली: डेम्पोची तीन, आणि चर्चिल ब्रदर्स व साळगावकर यांचे प्रत्येकी एक. २०२२-२३ पासून आय-लीगच्या विजेत्याला इंडियन सुपर लीगमध्ये बढतीची वाट खुली झाली, त्यामुळे चढण्याला अर्थ आला आहे. तरीही शिकण्यासाठी मी इंग्लंडच सुचवतो, कारण तेथे पायऱ्या जास्त आहेत आणि एका पातळीवर केलेली चूक सुधारायला खालची पातळी शिल्लक राहते.

५. पहिल्या दिवशी सर्वांत आधी काय करावे? मी नेहमी टॅक्टिकपासून सुरू करतो.

टॅक्टिक दोन दिवस थांबेल. आधी संघाच्या यादीत कराराची समाप्ती, कराराचा प्रकार आणि वेतन हे तीन रकाने लावा आणि वेतनाच्या उतरत्या क्रमाने यादी पाहा. जवळजवळ प्रत्येक क्लबमध्ये वरच्या पाचांत असा एक जण सापडतो, जो वय झाल्यामुळे किंवा दुखापतींमुळे वर्षभरात जेमतेम दहा सामने खेळेल. त्याच्याशी परस्परसंमतीने करार संपवण्याची बोलणी पहिल्याच आठवड्यात करावीत.

त्यानंतर नव्या करारांची रीत ठरवा. आपल्याकडे हापूसची बाग दोन प्रकारे घेतात. एक तर मोहोर पाहून बाग उक्ती घ्यायची, म्हणजे वादळ आले तरी पैसे गेले. किंवा पेटीमागे दर ठरवायचा, म्हणजे फळ हाती आले तरच पैसे द्यायचे. खेळाडूचे ठरावीक साप्ताहिक वेतन ही उक्ती बाग आहे, आणि प्रत्येक सामन्यामागचे मानधन हा पेटीचा दर आहे. समजा, एक आघाडीपटू आठवड्याला १५० पौंड मागतो; वर्षाचे ७,८०० पौंड झाले, तो खेळो वा न खेळो. त्यालाच आठवड्याला ८० आणि सामन्यामागे ७० पौंड दिले, तर ४६ सामने खेळल्यास ७,३८० आणि केवळ १५ सामने खेळल्यास ५,२१० पौंड होतात. पहिल्या अकरांतल्या भरवशाच्या खेळाडूला दोन्ही रीतींत फारसा फरक पडत नाही. राखीव खेळाडूच्या बाबतीत मात्र क्लबचे वाचणारे पैसे लक्षणीय असतात, आणि राखीव खेळाडू दहा-बारा असतात.

कलमांबाबत माझे नियम कडक आहेत. दरवर्षीची वेतनवाढ देऊ नये. बढतीनंतरची वेतनवाढ शक्यतो टाळावी, आणि द्यावीच लागली तर घसरणीनंतरची (संघ खालच्या लीगमध्ये गेल्यावरची) वेतनकपात त्याच करारात मागून घ्यावी. तिशी ओलांडलेल्यांना एकच वर्ष, पण क्लबच्या मर्जीने आणखी एक वर्ष वाढवण्याच्या कलमासह. चोविशीच्या आतल्यांना दोन वर्षे, कारण विकायला तेच असतात. वेतनाच्या मर्यादेपैकी दहावा हिस्सा जानेवारीसाठी मोकळा ठेवण्याची माझी सवय आहे. त्याचा उपयोग प्रश्न १२ मध्ये दिसेल.

६. पूर्णवेळ, अर्धवेळ आणि विनाकरार या तिन्हींत फरक काय?

अर्धवेळ खेळाडू दिवसा दुसरी नोकरी करतो आणि आठवड्यातून मोजक्याच सत्रांना येतो, त्यामुळे त्याची प्रगती सावकाश होते आणि नवी टॅक्टिक अंगवळणी पडायला वेळ लागतो. जेमी वार्डी खालच्या लीगमध्ये खेळत असताना वैद्यकीय स्प्लिंट बनवणाऱ्या कारखान्यात काम करत होता. २०१२ मध्ये लेस्टरने त्याला पाचव्या पातळीच्या फ्लीटवुडकडून १० लाख पौंडांना घेतले आणि २०१६ मध्ये तो प्रीमियर लीगचा विजेता झाला. पूर्णवेळ करार महाग असतो आणि संपूर्ण क्लबच अर्धवेळ असेल तर त्याचा फायदा पुरेसा मिळत नाही. विनाकरार खेळाडूला तुम्ही केव्हाही काढू शकता. त्याचप्रमाणे तोही केव्हाही जाऊ शकतो, आणि तुम्हाला एक पौंडही मिळत नाही. तिसऱ्या पर्यायाचा धोका प्रश्न १५ मध्ये सविस्तर दिला आहे.

७. ट्रान्सफरसाठी एक पैसाही नाही. खेळाडू आणायचे कोठून?

इंग्लंडमधले करार बहुधा ३० जूनला संपतात, त्यामुळे १ जुलैला मोकळ्या खेळाडूंचा बाजार भरतो. पहिल्या आठवड्यात धावू नका. हंगाम जवळ येतो तसतशा त्यांच्या मागण्या उतरतात, आणि जुलैच्या सुरुवातीला तुम्हाला नकार देणारा बचावपटू ऑगस्टमध्ये निम्म्यावर तयार होतो. मोठ्या क्लबांच्या युवा संघांतून सोडलेली एकोणीस-वीस वर्षांची मुले प्रथम पाहावीत.

या पातळीवर स्काउट (खेळाडू हेरणारे) कमी आणि कच्चे असतात, त्यामुळे अनेक गुण आकड्याऐवजी ‘६ ते १३’ असे पट्ट्यात दिसतात. त्यावर सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे चाचणी. मोकळ्या खेळाडूला काही आठवडे चाचणीवर बोलवा, सरावसामन्यांत खेळवा, पट्टा आपोआप अरुंद होतो. संघ मात्र बावीसच्या वर नेऊ नका. दशावतारी मंडळात जसा एकच नट पूर्वार्धात एक सोंग आणि उत्तररात्री दुसरे सोंग वठवतो, तसे दोन-तीन जागांवर खेळणारे तीन-चार जण संघात असले की बावीस पुरतात.

८. खेळाडू निवडताना कोणते गुण पाहावेत?

गुण १ ते २० या मापात असतात आणि सहाव्या पातळीवर १२ हा आकडा चांगला समजावा. येथे सगळेच बेताचे असल्यामुळे शरीराचे गुण फरक पाडतात. आघाडीपटू आणि बाजूचे खेळाडू यांच्यात वेग व पहिल्या चार पावलांतली उसळी, मध्य बचावपटूत उडी व ताकद, मधल्या फळीत दम व मेहनत. मानसिक गुणांत जिद्द, एकाग्रता आणि जागा धरण्याची समज. पास आणि चेंडूवरील ताबा १० च्या आसपास असला तरी मला चालतो.

सातत्य, दुखापतींची प्रवृत्ती आणि व्यावसायिक वृत्ती हे गुण लपलेले असतात. त्यांचा अंदाज स्काउटच्या अहवालातल्या वाक्यांवरून आणि स्वभावाच्या वर्णनावरून घ्यावा लागतो.

९. मागून छोट्या पासांनी खेळ उभारायला गेलो की गोल खातो. टॅक्टिक चुकते आहे का?

टॅक्टिक चुकत नाही, ती या माणसांची नाही. ज्या बचावपटूचा पास ७ आणि निर्णयक्षमता ८ आहे, त्याला स्वतःच्या गोलसमोर चेंडू खेळवायला लावणे म्हणजे संकटाला आमंत्रण आहे. साधी ४-४-२ (चार बचावपटू, मधल्या फळीत चार, पुढे दोन), बचावाची रेषा थोडी मागे, चेंडू लवकर पुढे, आणि पुढे एक उंच व एक चपळ अशी जोडी, मानसिकता संतुलित. सूचना जितक्या कमी, तितक्या त्या लवकर अंगवळणी पडतात, आणि अर्धवेळ संघाला तेवढाच वेळ असतो.

सतत दबाव टाकणारी शैली मोठ्या क्लबबरोबर प्रभावी ठरते म्हणून अनेक जण ती येथेही लावतात. पहिले साठ मिनिटे ती चालते. त्यानंतर दम १० असलेले खेळाडू उभ्या उभ्या थकतात आणि शेवटच्या पंधरा मिनिटांत सामना हातचा जातो. शैली आवडतच असेल तर ती पहिल्या अर्ध्या तासापुरती वापरा, आघाडी मिळताच मागे या.

१०. कॉर्नर आणि फ्री किकवर वेळ घालवणे खरोखर उपयोगाचे आहे का?

या पातळीवर त्याइतके स्वस्त दुसरे काही नाही. १९७७ मध्ये फुटबॉल लीगमध्ये आलेला विम्बल्डन १९८६ मध्ये सर्वोच्च विभागात पोहोचला आणि १९८८ च्या एफए कप या इंग्लंडमधील बाद स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्याने लिव्हरपूलला १-० असे हरवले. तो एकमेव गोल फ्री किकवर डोक्याने मारलेला होता. खेळातही तसेच घडते. कॉर्नर उत्तम मारणारा एक आणि उडी १५ च्या आसपास असलेले दोन बचावपटू एवढी गुंतवणूक पुरते. लांब थ्रो-इनचा गुण १४-१५ असलेला साइड बचावपटू सापडला तर त्याचे बाकीचे गुण थोडे कमी असले तरी मी त्याला घेतो. २०२४ च्या आवृत्तीपासून या प्रसंगांसाठी वेगळा प्रशिक्षकही नेमता येतो, पण खालच्या क्लबचे बोर्ड ती जागा सहसा मंजूर करत नाही.

११. लोनवर किती खेळाडू घ्यावेत?

लोनवरचे, म्हणजे दुसऱ्या क्लबकडून ठरावीक काळासाठी उसने घेतलेले खेळाडू चाकरमान्यांसारखे असतात: आले की घर भरते, गेले की अंगण ओस पडते. सामन्याच्या यादीत किती लोन खेळाडू चालतात याला स्पर्धेनुसार मर्यादा असते; ती स्पर्धेच्या नियमांच्या पानावर आधी वाचावी, नाहीतर एक जण पगार घेऊन घरी बसतो. मूळ क्लबने संपूर्ण वेतन द्यावे अशी मागणी पहिल्यांदा करावी, अनेकदा ती मान्य होते. परत बोलावण्याचे कलम असेल तर जानेवारीत तो जाईल असे धरूनच चालावे. बोर्डाला विनंती करून एखादा मोठा क्लब सहयोगी म्हणून मिळवता आला, तर त्यांची तरुण मुले सहज मिळतात.

पहिल्या अकरांत तीनपेक्षा जास्त जण लोनचे नसावेत असे मी म्हणतो. कारण प्रश्न १४ मध्ये आहे.

१२. डिसेंबरपर्यंत पहिल्या पाचांत असतो आणि मग घसरतो. असे का होते?

तीन गोष्टी एकत्र येतात. ४६ सामन्यांच्या हंगामात हिवाळ्यात सामने दाटतात आणि अर्धवेळ खेळाडूंचा थकवा साठत जातो. पावसाने आणि थंडीने मैदाने बिघडतात; जुलैत आपल्या शाळेच्या मैदानावर जे खेळले आहेत, त्यांना चिखलात जमिनीवरचा पास कोठे अडकतो हे सांगायला नको. आणि प्रतिस्पर्धी तुम्हाला वरचा संघ समजून मागे बसू लागतात, त्यामुळे शरद ऋतूत मिळणारी मोकळी जागा नाहीशी होते.

उपाय असे: नोव्हेंबरपासून मधल्या आठवड्यातल्या सामन्यांत तीन-चार बदल, सामन्यानंतरच्या दिवशी विश्रांती, आणि मागे बसणाऱ्या संघांसाठी रुंदी वाढवलेली दुसरी रचना सप्टेंबरपासूनच सरावात. प्रश्न ५ मध्ये राखून ठेवलेला वेतनाचा दहावा हिस्सा येथे दोन ताजे खेळाडू आणायला वापरावा.

१३. क्लबला पैसा मिळवून देण्याचा मार्ग कोणता?

एफए कप. सहाव्या पातळीचे क्लब दुसऱ्या पात्रता फेरीत आणि पाचवीचे चौथ्या पात्रता फेरीत उतरतात. प्रीमियर लीगचे क्लब तिसऱ्या मुख्य फेरीत येतात. तिकिटांचे उत्पन्न दोन्ही क्लबांत वाटले जाते, त्यामुळे मोठ्या मैदानावरचा एक पाहुणा सामना वर्षाचा तोटा भरून काढू शकतो. पूर्वी घरी बरोबरी साधून पुनर्सामना मिळवणे हाही एक डाव होता, परंतु २०२४-२५ पासून पहिल्या मुख्य फेरीपासून पुढचे पुनर्सामने बंद झाले आहेत. हंगामापूर्वी एखाद्या मोठ्या क्लबला मैत्रीपूर्ण सामन्यासाठी घरच्या मैदानावर बोलावणे हा दुसरा मार्ग.

१४. बढती मिळाली आणि पुढच्याच वर्षी सर्वांत खाली गेलो. काय चुकले?

बहुधा मे महिन्यात तुमच्याकडे संघच उरला नसेल. लोनवरचे परत जातात, एका वर्षाचे करार संपतात, आणि जे राहतात ते वरच्या लीगमधल्या क्लबच्या प्रतिष्ठेप्रमाणे पगार मागतात. म्हणून ज्यांना ठेवायचे आहे त्यांचे करार जानेवारी-फेब्रुवारीत, बढती निश्चित होण्यापूर्वी, वाढवून घ्यावेत. वर जाऊन पुन्हा खाली आलात, तरी घसरणीचे कलम असलेला करार तुम्हाला बुडवत नाही.

दुसरी अडचण अर्धवेळ क्लब पूर्णवेळ होण्याची आहे. तो निर्णय बोर्ड घेते. तो झाला की अर्धवेळ करार पूर्णवेळ करावे लागतात आणि वेतनाचे पत्रक एकदम फुगते. त्या उन्हाळ्यात नवे खेळाडू आणण्यापूर्वी जुन्यांपैकी कोण पूर्णवेळ पगाराच्या लायकीचा आहे, हे निर्दयपणे ठरवावे. माझ्या एका सेव्हमध्ये (साठवून पुढे चालवलेल्या खेळात) मी कृतज्ञतेपोटी सतरा जणांना पूर्णवेळ केले आणि नोव्हेंबरात क्लबची तिजोरी रिकामी झाली.

१५. माझा उत्तम खेळाडू फुकट गेला. काही भरपाई मिळते का?

तो विनाकरार असेल तर नाही. म्हणून विनाकरार खेळाडू दोन सामने चांगला खेळला की तिसऱ्यापूर्वी त्याला कराराचा कागद द्यावा. करार संपून गेला असेल आणि वय २४ च्या आत असेल, तर इंग्लंडमधल्या दुसऱ्या क्लबकडून भरपाई मिळू शकते, परंतु त्यासाठी तुम्ही त्याला किमान पूर्वीच्याच अटींचा नवा करार देऊ केलेला असला पाहिजे. तो नाकारणार हे दिसत असले तरी प्रस्ताव द्यावाच. अनेक जण ‘तो घेणारच नाही’ म्हणून प्रस्ताव देत नाहीत आणि हक्क गमावतात. पुढच्या विक्रीतला हिस्सा मागणे हे याचेच दुसरे रूप आहे: वीस वर्षांचा मुलगा विकताना किंमत थोडी कमी घ्या, पण वीस टक्के हिस्सा लिहून घ्या.

१६. इंग्लंडच्या सहाव्या पातळीवर भारतीय खेळाडू आणता येईल का?

जवळजवळ नाही. जानेवारी २०२१ पासून परदेशी खेळाडूंना गुणांवर आधारित मान्यता लागते आणि ती बहुतांशी राष्ट्रीय संघातले सामने व लीगचा दर्जा यांवर ठरते. ब्रिटिश नागरिकत्व असलेला भारतीय वंशाचा खेळाडू मात्र चालतो. न्यूकॅसलमध्ये जन्मलेला मायकल चोप्रा हे ओळखीचे उदाहरण, जो २०१४ मध्ये पहिल्या इंडियन सुपर लीगमध्ये केरळ ब्लास्टर्सकडून खेळला. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, म्हणून असा खेळाडू भारताच्या राष्ट्रीय संघात दिसणार नाही. भारतीय खेळाडूच युरोपात न्यायचा असेल तर इतर देशांचे नियम पाहावेत. गुरप्रीतसिंग संधू नॉर्वेच्या स्टाबेककडून खेळला होता.

१७. हरल्यावर सेव्ह पुन्हा उघडणे गैर आहे का, आणि वीज गेल्यावर काय करावे?

पहिला प्रश्न ज्याच्या त्याच्या सदसद्विवेकाचा आहे. मी तसे करत नाही, कारण पुन्हा उघडलेल्या सामन्यातून पराभवाचे कारण कळत नाही. दुसरा प्रश्न मात्र जून ते सप्टेंबर आपल्या सगळ्यांचा आहे. स्वयंचलित सेव्ह दर आठवड्याला आणि आळीपाळीने तीन फायलींत ठेवण्याचा पर्याय निवडा, म्हणजे लिहिताना वीज जाऊन एक फाइल बिघडली तरी मागची राहते. ऑनलाइन साठवणुकीवर विसंबू नका. पावसात नेटवर्क विजेच्याही आधी जाते. लॅपटॉप लवकर तापत असेल तर आपल्या लीगच्या वरच्या व खालच्या पातळ्या सोडून बाकीचे देश बंद ठेवा आणि सामना द्विमितीत पाहा. सामन्याच्या मध्यावर वीज गेली आणि तुम्ही ०-३ ने मागे होता, तर तो सामना पुन्हा खेळणे फसवणूक आहे की नाही, यावर मालवण आणि कुडाळच्या मंडळींत अजून एकमत झालेले नाही.